सायकलपटू बेरिल बर्टन

[पैशासाठी न खेळता केवळ आवडीने खेळणाऱ्या खेळाडूला हौशी खेळाडू म्हणतात. इंग्लंडची बेरिल बर्टन ही जन्मभर हौशी खेळाडूच राहिली. लहानपणच्या मोठ्या आजारातून उठून ती सायकलच्या शर्यतीत जगज्जेती कशी झाली, तिला कोणी साथ दिली आणि एका प्रसंगी तिचे कोठे चुकले, हे या पाठात सांगितले आहे.]

मंगरूळपीरहून वाशिमला जाणारा रस्ता आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. अंतर सुमारे ४० किलोमीटर. एस.टी. बसने जायचे म्हटले तरी तासभर सहज लागतो. आता अशी कल्पना करा, की सकाळी एक बाई सायकलवर बसून मंगरूळपीरहून निघाली. ती वाशिमला गेली आणि लगेच परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. अशा पाच फेऱ्या तिने पूर्ण केल्या. सहाव्यांदा वाशिम गाठून ती परतीच्या वाटेला लागली, तेव्हा कोठे बारा तास पूर्ण झाले!

ही कल्पना आपल्याला गंमत वाटेल. पण एवढे अंतर एका बाईने बारा तासांत सायकलवर खरोखरच कापले आहे. रस्ता मात्र आपल्याकडचा नव्हता, इंग्लंडमधला होता. वर्ष होते १९६७ आणि त्या बाईचे नाव होते बेरिल बर्टन.

बेरिलचा जन्म १२ मे १९३७ रोजी इंग्लंडमधील लीड्स या शहरात झाला. लीड्स हे यॉर्कशायर भागातले मोठे शहर. कापडाच्या आणि कपड्यांच्या कारखान्यांसाठी ते प्रसिद्ध होते. बेरिलचे घर साधे होते. घरात श्रीमंती नव्हती. बेरिल शाळेत जात असे, खेळत असे, अभ्यास करत असे.

त्या काळी इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची एक महत्त्वाची परीक्षा होत असे. या परीक्षेत जी मुले पास होत, त्यांना चांगल्या शाळेत प्रवेश मिळे. जी नापास होत, त्यांच्यासाठी पुढच्या शिक्षणाचा तो रस्ता बहुधा बंद होई. बेरिलने या परीक्षेची फार काळजी घेतली होती. पण तिला यश आले नाही. त्याच सुमारास ती आजारी पडली. आजार साधासुधा नव्हता. तो संधिवाताचा ताप होता. या तापात सांधे तर दुखतातच. पण हृदयालाही इजा होते. बेरिलचे हातपाय तिच्या ताब्यात राहिले नाहीत. काही काळ तर तिला धड बोलताही येईना.

ती नऊ महिने रुग्णालयात होती. त्यानंतर पंधरा महिने तिला घरापासून दूर, आजारातून उठलेल्या मुलांसाठी असलेल्या एका विश्रामगृहात ठेवले होते. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे तिची अंथरुणात आणि औषधांत गेली. घरी परतताना डॉक्टरांनी बजावले, की या मुलीने दमछाक होईल असे कोणतेही काम करू नये. तिचे हृदय त्या श्रमांना पुरे पडणार नाही, अशी त्यांना भीती होती.

अशी मुलगी पुढे जगातील सर्वांत कणखर सायकलपटू होईल, असे त्या दिवशी कोणालाही वाटले नसते.

पंधराव्या वर्षी बेरिलने शाळा सोडली आणि ती कपड्यांच्या कारखान्यात काम करू लागली. तेथे तिची चार्ली बर्टन या तरुणाशी ओळख झाली. चार्लीला सायकलचे फार वेड होते. तो एका सायकल क्लबचा सभासद होता. रविवारी हे सारे सभासद एकत्र जमत आणि सायकलींवरून दूर दूर फिरायला जात. बेरिलही त्यांच्याबरोबर जाऊ लागली. १९५५ साली बेरिलचे व चार्लीचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी त्यांना मुलगी झाली. तिचे नाव डेनिस.

लीड्सजवळ मोर्ले नावाचे गाव आहे. तेथील मोर्ले सायकलिंग क्लबमध्ये बेरिल दाखल झाली. क्लबमधले बहुतेक सभासद पुरुष होते आणि सारे कामकरी लोक होते. कोणी कारखान्यात काम करी, कोणी शेतात. सुट्टीच्या दिवशी ते शंभर-दीडशे किलोमीटर सायकल चालवत. यॉर्कशायरचा भाग डोंगराळ आहे. तेथे वारा बोचरा असतो आणि पाऊस केव्हाही येतो. सुरुवातीला बेरिल या सर्वांच्या मागे पडे. चढ आला, की तिला धाप लागे. मग चार्ली किंवा दुसरा कोणी सोबती तिच्या शेजारी येई, एका हाताने आपली सायकल सांभाळी आणि दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवून तिला वर ढकली. कोणी तिला हसले नाही आणि घरी बसायलाही सांगितले नाही.

पहिले वर्ष असे गेले. दुसऱ्या वर्षी ती सर्वांच्या बरोबरीने सायकल चालवू लागली. आता तिला ढकलावे लागत नसे. तिसऱ्या वर्षी ती सर्वांच्या पुढे जाऊ लागली. ज्यांनी तिला मागून ढकलले, त्यांनाच आता तिच्या मागे राहण्यासाठी जोर लावावा लागे! चार्ली हे आनंदाने सर्वांना सांगत असे. बायको आपल्यापुढे गेली म्हणून त्याला कधी कमीपणा वाटला नाही. उलट त्याने स्वतःची शर्यत बाजूला ठेवली आणि तो बेरिलचा मदतनीस झाला. तिची सायकल पुसणे, चेनला तेल घालणे, टायर तपासणे, शर्यतीच्या वाटेवर उभे राहून तिला खायला-प्यायला देणे, ही सारी कामे तो करी. लहानगी डेनिसही आईवडिलांबरोबर शर्यतींना जाई.

इंग्लंडमध्ये सायकलच्या अनेक प्रकारच्या शर्यती होतात. त्यांतील तीन प्रकार आपण समजून घेऊ. पहिला प्रकार वेळेच्या शर्यतीचा. यात प्रत्येक स्पर्धक एकेक मिनिटाच्या अंतराने एकटाच निघतो. कोणी कोणाच्या आडोशाने जायचे नाही. घड्याळात ज्याचा वेळ सर्वांत कमी, तो जिंकला. दुसरा प्रकार पाठलागाच्या शर्यतीचा. गोल धावपट्टीवर दोन स्पर्धक समोरासमोरच्या बाजूंनी निघतात आणि एकमेकांचा पाठलाग करतात. तिसरा प्रकार रस्त्यावरच्या शर्यतीचा. यात सर्व स्पर्धक एकाच वेळी निघतात. जो सर्वांत आधी शेवटची रेषा ओलांडील, तो जिंकला.

१९५७ साली शंभर मैलांच्या राष्ट्रीय शर्यतीत बेरिल दुसरी आली. तेव्हा डेनिस अवघी वर्षाची होती. १९५८ साली बेरिलने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९५९ साली बेल्जियममध्ये पाठलागाची जागतिक स्पर्धा झाली. बेरिल तेथे गेली आणि जगज्जेती होऊन परतली. आजारी पोरीला घरी पाठवताना डॉक्टरांनी जे बजावले होते, त्याला तेव्हा पुरती दहा वर्षेही झाली नव्हती.

१९६० साली जागतिक स्पर्धा पूर्व जर्मनीत होत्या. बेरिलने पाठलागाची शर्यत पुन्हा जिंकली. काही दिवसांनी रस्त्यावरची शर्यत होती. तीत वेगवेगळ्या देशांच्या मुली एकत्र निघाल्या. बेरिल त्या सर्वांना मागे टाकून एकटीच पुढे निघून गेली. शेवटच्या रेषेवर ती पोहोचली, तेव्हा तिच्या मागे कोणीच दिसत नव्हते. एकाच वर्षी दोन प्रकारांत ती जगात पहिली आली. पुढे तिने पाठलागाचे जागतिक विजेतेपद १९६२, १९६३ आणि १९६६ साली आणि रस्त्यावरच्या शर्यतीचे १९६७ साली पुन्हा मिळवले. अशी एकूण सात जागतिक विजेतेपदे तिच्या नावावर जमा झाली.

आपल्याला वाटेल, की एवढे यश मिळाल्यावर बेरिल श्रीमंत झाली असेल. तसे काही झाले नाही. ती हौशी खेळाडू होती. तिला शर्यतीतून पैसा मिळत नसे. रॅले या प्रसिद्ध कंपनीने तिला पगारी खेळाडू म्हणून बोलावले होते. रॅले हे नाव आपल्याकडील जुन्या माणसांच्याही ओळखीचे आहे. कारण पश्चिम बंगालमधील आसनसोल येथे सेन-रॅले कारखान्यात या नावाच्या सायकली तयार होत असत. पण त्या काळच्या नियमांप्रमाणे पगारी खेळाडूला हौशी खेळाडूंच्या शर्यतीत भाग घेता येत नसे. क्लबच्या सोबत्यांबरोबर दर आठवड्याला शर्यतीत उतरायचे, हा बेरिलचा खरा आनंद होता. म्हणून तिने कंपनीला नकार दिला.

मग घर कसे चालत होते? चार्ली नोकरी करीत होता आणि बेरिल शेतात मजुरी करीत होती. निम कार्लाइन नावाचा त्यांच्याच क्लबचा एक सोबती होता. तोही नामवंत सायकलपटू होता. मोर्लेजवळ त्याचा रेवंदचिनीचा मळा होता. युनानी औषधांत जी रेवंदचिनी वापरतात, ती या जातीच्या वनस्पतीची मुळी असते. इंग्लंडमध्ये मात्र या वनस्पतीचे लाल देठ साखर घालून शिजवून खातात. हिवाळ्याच्या सुमारास तिची जड मुळे शेतातून खणून काढावी लागतात आणि अंधाऱ्या, उबदार खोल्यांत नेऊन लावावी लागतात. गोठवणाऱ्या थंडीत, चिखलात उभे राहून बेरिल ही मुळे खणी, उचली, वाहून नेई. दिवसभर अंग मोडून काम केल्यावर संध्याकाळी ती सायकल काढी आणि सरावाला निघे. हे काम आणि हा सराव यांनीच तिचे शरीर पोलादासारखे झाले. ज्या देशांच्या मुलींशी ती शर्यत लावत होती, त्यांपैकी काही देशांत खेळाडूंचा सारा खर्च सरकार करीत असे. बेरिलला मात्र सोमवारी सकाळी पुन्हा मळ्यात हजर व्हावे लागे.

आता आपण १९६७ सालाकडे परत जाऊ. त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला नेदरलँड्समधील हेर्लेन या गावी रस्त्यावरची जागतिक शर्यत झाली. सोव्हिएत संघाच्या मुली फार तयारीच्या होत्या. पण बेरिलने त्यांनाही मागे टाकले. दुसऱ्या क्रमांकाची मुलगी तिच्यानंतर पावणेदोन मिनिटांनी पोहोचली.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ सप्टेंबर १९६७ रोजी, यॉर्कशायरमध्ये बारा तासांची वेळेची शर्यत होती. बारा तासांत जो सर्वांत जास्त अंतर कापील, तो विजेता. पुरुष एकामागून एक निघाले आणि त्यांच्या मागून बेरिल निघाली. पुरुषांत माइक मॅकनमारा हा सर्वांत बलवान होता. त्या दिवशी तो पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडण्याच्या तयारीने सायकल चालवत होता. बेरिल एकेका स्पर्धकाला मागे टाकत चालली. दुपार झाली, दुपार कलू लागली. जवळजवळ सगळे पुरुष मागे पडले. उरला फक्त मॅकनमारा. शेवटी त्याची पाठ तिला दिसू लागली.

बेरिलला क्षणभर कसेसेच वाटले. हा गडी दिवसभर जीव तोडून सायकल चालवत होता आणि आता एक बाई त्याच्या पुढे जाणार होती. त्याला काय वाटेल? तिने खिशात हात घातला. खिशात ज्येष्ठमधाच्या गोळ्या होत्या. त्याच्या शेजारी आल्यावर तिने एक गोळी त्याच्यापुढे धरली. मॅकनमाराने ती घेतली, तिचे आभार मानले आणि गोळी तोंडात टाकली. मग बेरिल पुढे निघून गेली.

बारा तास पूर्ण झाले तेव्हा बेरिलने २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर अंतर कापले होते. मॅकनमाराने २७६.५२ मैल अंतर कापून पुरुषांचा नवा विक्रम केला होता. पण बेरिल त्याच्याही पुढे सुमारे सव्वा किलोमीटर गेली होती. ताशी ३७ किलोमीटरहून अधिक वेगाने ती बारा तास सायकल चालवत राहिली होती. पुरुषांच्या विक्रमाहून बाईचा विक्रम मोठा, हे पाहून लोकांनी तोंडात बोटे घातली. हे अंतर पुरुषांना गाठायला १९६९ साल उजाडले. स्त्रियांमध्ये तर तिचा हा विक्रम पन्नास वर्षे टिकला. तो २०१७ साली मोडला गेला.

तिने आणखीही विक्रम केले. १९६८ साली तिने शंभर मैलांचे, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटरचे अंतर चार तासांच्या आत कापले. इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या अंतरांच्या वेळेच्या शर्यती मिळून वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरवतात. हा मान स्त्रियांमध्ये बेरिलने १९५९ पासून १९८३ पर्यंत सलग २५ वर्षे मिळवला. तिने एकूण ९६ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. ब्रिटिश सरकारने १९६४ आणि १९६८ साली तिला मानाचे किताब दिले. एक मान मात्र तिला कधीच मिळाला नाही. पुरुषांच्या सायकल शर्यती ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून होत होत्या. पण स्त्रियांची पहिली सायकल शर्यत तेथे १९८४ साली झाली. तेव्हा बेरिल ४७ वर्षांची झाली होती. तिच्या ऐन उमेदीच्या काळात ऑलिंपिकचे दार स्त्री सायकलपटूंना बंद होते.

आतापर्यंत आपण बेरिलच्या विजयाच्या गोष्टी वाचल्या. आता एक अशी गोष्ट वाचू, की जी सांगताना तिला स्वतःलाही बरे वाटत नसे.

ती समजण्यासाठी रस्त्यावरच्या शर्यतीची रीत माहीत हवी. सायकल चालवताना सर्वांत मोठा शत्रू म्हणजे समोरचा वारा. जो पुढे असतो, तो वारा अंगावर घेतो. जो त्याच्या अगदी मागे असतो, त्याला आडोसा मिळतो आणि त्याचे श्रम बरेच कमी होतात. म्हणून तीन-चार जणी घोळक्यातून निसटून पुढे गेल्या, तर त्या पाळीपाळीने पुढे येतात. थोडा वेळ एकीने वारा झेलायचा, मग दुसरीने. प्रत्येकीने आपला वाटा उचलला, तरच त्या सर्व पुढे राहू शकतात. त्या एकमेकींच्या सोबतिणीही असतात आणि प्रतिस्पर्धीही असतात. शेवटचे काही मीटर उरले, की सोबत संपते आणि प्रत्येकजण स्वतःसाठी धावते. जिने मागे राहून ताकद वाचवली असेल, तिला त्या वेळी फायदा होतो.

बेरिलची मुलगी डेनिस आता मोठी झाली होती. आईला पाहत पाहतच ती सायकल शिकली होती. १९७२ साली तर मायलेकी जागतिक स्पर्धेसाठी ब्रिटनच्या एकाच संघात होत्या. एकाच घरात राहायचे, एकाच क्लबकडून खेळायचे आणि एकमेकींविरुद्ध शर्यत लावायची, असे त्यांचे जीवन होते. घरात दोघींचा सराव चाले आणि दोघींच्या मनात जिंकण्याची जिद्द असे.

१९७६ साली स्त्रियांची रस्त्यावरची राष्ट्रीय शर्यत झाली. बेरिल ३९ वर्षांची होती आणि डेनिस २० वर्षांची. दोघी पुढच्या लहान गटात होत्या. बेरिल वारंवार पुढे येऊन वारा झेलत होती. डेनिस आपला वाटा पुरेसा उचलत नाही, असे तिला वाटत होते. शेवटची रेषा जवळ आली. सर्वांनी जोर लावला आणि डेनिस पहिली आली. आई मागे राहिली.

बक्षीस देण्याची वेळ झाली. अशा वेळी हरलेला खेळाडू जिंकलेल्या खेळाडूशी हात मिळवतो. तशी खेळातली रीतच आहे. पण बेरिलने आपल्या मुलीशी हात मिळवला नाही. सर्वांच्या देखत ती तशीच उभी राहिली. शेकडो शर्यती खेळलेल्या, प्रतिस्पर्ध्याला गोड गोळी देणाऱ्या बेरिलला त्या दिवशी स्वतःच्या मुलीचे कौतुक करता आले नाही.

आईच्या हाताची वाट पाहणाऱ्या त्या वीस वर्षांच्या मुलीला काय वाटले असेल? आयुष्यातील मोठा विजय तिने मिळवला होता. पण ज्या आईकडून ती हा खेळ शिकली, तिचाच हात पुढे आला नाही.

बेरिलने ही गोष्ट लपवून ठेवली नाही. १९८६ साली तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात तिने हा प्रसंग सांगितला आहे. आपल्याला राग का आला, हे तिने लिहिले आहे; पण आपले वागणे खिलाडूपणाचे नव्हते, हेही तिने कबूल केले आहे. जिंकण्याची जी जिद्द तिला आजारपणातून उठवून जगज्जेतेपदापर्यंत घेऊन गेली, त्याच जिद्दीने त्या दिवशी तिला आंधळे केले होते. मोठ्या माणसांच्याही हातून चुका होतात. आपली चूक चारचौघांत कबूल करायला मोठे मन लागते.

मायलेकींचे नाते मात्र तुटले नाही. १९८२ साली त्या दोघींनी मिळून एक शर्यत केली. या वेळी दोघींसाठी सायकल एकच होती. तिला दोन बैठका आणि पायडलांच्या दोन जोड्या होत्या. अशा सायकलवर कोणी कोणाच्या मागे लपू शकत नाही, की कोणी कोणाला हरवू शकत नाही. दोघींनी एकत्र जोर लावला, तरच ती सायकल धावते. मायलेकींनी दहा मैलांचे, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरचे अंतर २१ मिनिटे २५ सेकंदांत कापले. हा स्त्रियांचा नवा ब्रिटिश विक्रम ठरला.

वय वाढले, तशी बेरिलची शक्ती कमी होऊ लागली. तरुण मुली तिच्या पुढे जाऊ लागल्या. तरी तिने सायकल सोडली नाही. पहिला नंबर येवो अगर न येवो, ती शर्यतीच्या रांगेत उभी राहतच असे. चार्लीही पूर्वीसारखाच तिची सायकल तयार करून देत असे.

१९९६ सालच्या मे महिन्यात तिचा ५९ वा वाढदिवस होता. सोबत्यांना बोलवायचे तिने ठरवले. ५ मे रोजी ती निमंत्रणे वाटण्यासाठी सायकलवरून निघाली. वाटेतच तिचे हृदय बंद पडले आणि ती कोसळली. ज्या हृदयाला श्रम सोसणार नाहीत असे लहानपणी सांगितले गेले होते, त्या हृदयाने तिला चाळीस वर्षे सायकलवर साथ दिली होती. ती वाटत होती ती निमंत्रणे शर्यतीची नव्हती. ती आपल्या माणसांना घरी बोलावण्याची होती.

मोर्ले गावात आज तिच्या नावाची एक बाग आहे. तेथे भिंतीवर सायकल चालवणाऱ्या बेरिलचे मोठे चित्र काढलेले आहे. त्या वाटेने जाणारी मुले-मुली ते चित्र पाहतात.

आपल्या गावीही सकाळी शाळेच्या वेळी दप्तर पाठीला लावून सायकलवरून येणाऱ्या मुली दिसतात. कोणी जवळून येते, कोणी दूरच्या खेड्यातून. वाटेत चढ लागला आणि एखादी मैत्रीण मागे पडली, तर तिच्यासाठी थांबा. जमल्यास तिच्या पाठीला हात द्या. बेरिलही एके काळी अशीच मागे पडत होती. आणि एखाद्या दिवशी ती मैत्रीण तुमच्या पुढे गेली, तर तिच्याशी हात मिळवायला विसरू नका.

शब्दार्थ

हौशी – आवडीने काम करणारा, शौकीन
कणखर – मजबूत, न डगमगणारा
दमछाक – खूप थकवा, श्वास भरून येणे
आडोसा – आड, आश्रय
प्रतिस्पर्धी – स्पर्धेत विरुद्ध बाजूने खेळणारा
नामवंत – प्रसिद्ध, नावाजलेला
ज्येष्ठमध – मुलेठी
उमेदीचा काळ – तरुणपणाचा, उत्साहाचा काळ
आत्मचरित्र – स्वतः लिहिलेली स्वतःच्या जीवनाची हकिकत
खिलाडूपणा – हार-जीत सारख्याच मनाने स्वीकारण्याचा गुण

वाक्प्रचार

अंग मोडून काम करणे – खूप मेहनत करणे
तोंडात बोटे घालणे – आश्चर्यचकित होणे
वाटा उचलणे – आपल्या हिश्श्याचे काम करणे
जीव तोडून काम करणे – सर्व शक्ती लावून काम करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बेरिल बर्टनचा जन्म केव्हा व कोठे झाला?
(आ) बेरिलला लहानपणी कोणता आजार झाला होता?
(इ) निम कार्लाइनच्या मळ्यात कशाचे पीक होते?
(ई) बेरिलने मॅकनमाराला काय दिले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) क्लबच्या सोबत्यांनी बेरिलला सुरुवातीला कशी मदत केली?
(आ) बेरिलने कंपनीचा पगार का नाकारला?
(इ) रस्त्यावरच्या शर्यतीत खेळाडू पाळीपाळीने पुढे का येतात?

३. सविस्तर उत्तर लिहा.
१९७६ सालच्या शर्यतीनंतर बेरिल कशी वागली? तिचे वागणे तुम्हाला योग्य वाटते का? आपले मत कारणांसह लिहा.

४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
विजय, चढ, हौशी, मागे, मित्र

५. पाठातील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : आपल्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर काढा. बेरिलच्या वेगाने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने गेल्यास किती मिनिटे लागतील, याचा हिशेब करा आणि वर्गात सांगा.